टर्मिनलचा स्क्रीनशॉट नको, मजकूर द्या

संपादक महोदय,

संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिक वह्यांत आणि ऑनलाइन नोट्समध्ये टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीच्या, आउटपुटचा स्क्रीनशॉट चिकटवायची सवय मोडायला हवी. चित्रातली आज्ञा कॉपी होत नाही, शोधता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला ती वाचताही येत नाही. तेच आउटपुट रंगांसकट वेबपानावर मजकूर म्हणून देणे दोन मिनिटांचे काम आहे.

टर्मिनलवर येतो तो नुसता मजकूर नसतो. त्यात एस्केप या अदृश्य वर्णाने सुरू होणारे संकेत मिसळलेले असतात: त्यापुढे चौकटी कंस, ३१ आणि 'एम' आले की पुढची अक्षरे लाल, ३१ च्या जागी शून्य आले की पूर्ववत. ब्राउझरला हे संकेत कळत नाहीत. म्हणून आउटपुट जसेच्या तसे वेबपानाच्या 'प्री' टॅगमध्ये (ओळी व मोकळ्या जागा तशाच राखणाऱ्या खुणेत) टाकले की ओळीओळीत कंस-आकड्यांचा कचरा दिसतो. शिवाय 'पेक्षा लहान' हे चिन्ह टॅगची सुरुवात समजले जाऊन पुढचा मजकूर गायब होऊ शकतो.

यावर 'आहा' नावाचा छोटा प्रोग्राम आहे. डेबियन आणि उबुंटूत तो 'ॲप्ट'ने बसतो. आज्ञेचे आउटपुट पाइपने (एका प्रोग्रामचे आउटपुट दुसऱ्याला देणाऱ्या उभ्या रेघेच्या चिन्हाने) त्याच्याकडे वळवा, तो एचटीएमएल काढून देतो. इथे पुष्कळांचे रंग उडतात, पण दोष आहाचा नसतो. समोर टर्मिनल नसून पाइप आहे हे ओळखून मूळ प्रोग्रामच रंग गाळतो. फाइलींची यादी देणाऱ्या 'एलएस'ला आणि मजकूर शोधणाऱ्या 'ग्रेप'ला 'कलर=ऑलवेज' हा पर्याय द्या. ज्याला असा पर्याय नाही तो प्रोग्राम 'स्क्रिप्ट' या आज्ञेखाली चालवा. ती त्याला आभासी टर्मिनल पुरवते. मात्र स्क्रिप्टने फाइलीत घातलेल्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या ओळी खोडायला विसरू नका. कर्सर पडद्यावर इकडेतिकडे हलवणारे 'टॉप'सारखे प्रोग्राम या वाटेने नीट उतरत नाहीत.

चालू प्रोग्राम दाखवायचा असेल तर टर्मिनल वेबपानावर आणणारा 'टीटीवायडी' हा प्रोग्राम वापरा. तो आभासी टर्मिनलमधले बाइट वेबसॉकेटवरून (ब्राउझर व सर्व्हरमधल्या सतत उघड्या जोडणीवरून) पाठवतो आणि ब्राउझरमधले एक्सटर्म-जेएस हे टर्मिनल दाखवणारे जावास्क्रिप्ट ते रंगवते. त्याचे पोर्ट ७६८१. सांगितले नाही तर तो सर्व नेटवर्कवर, पासवर्डशिवाय ऐकतो. आवृत्ती १.७.४ पासून टंकन मुळात बंद असते, पण त्याआधीच्या आवृत्तीत पान उघडणाऱ्या कोणालाही तुमचे शेल, म्हणजे आज्ञा चालवायची मुभा, मिळते. रूटने (सर्वाधिकारी वापरकर्त्याने) चालवले असेल तर सगळे यंत्रच त्याच्या हाती जाते. तेव्हा वेगळा, कमी अधिकारांचा वापरकर्ता करा, टीटीवायडी १२७.०.०.१ ला, म्हणजे फक्त त्याच यंत्रापुरता, बांधा आणि पुढे एचटीटीपीएस व पासवर्डसह एन्जिनएक्स हा वेबसर्व्हर ठेवा. एन्जिनएक्सला एचटीटीपी १.१ आणि 'अपग्रेड' व 'कनेक्शन' हे हेडर पुढे पाठवायला सांगितले नाही, तर पान उघडते पण टर्मिनल जोडले जात नाही.

आणखी एक: तीस विद्यार्थ्यांनी पान उघडले की तीस स्वतंत्र प्रक्रिया सुरू होतात. शिक्षकाचाच पडदा सर्वांना दिसायला हवा असेल तर टीटीवायडीला 'टीमक्स'चे (एकच टर्मिनल अनेकांना जोडता येणाऱ्या प्रोग्रामचे) एकच सत्र 'अटॅच' करायला लावा, तेही 'आर' पर्यायाने, फक्त वाचण्यापुरते.

मराठी आउटपुटची गोष्ट वेगळी. टर्मिनल चौकोनी घरांचे असते, आणि 'क्षि' म्हणजे क, हलन्त, ष, वेलांटी असे चार वर्ण, यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत बारा बाइट. त्यांची घरांत विभागणी झाली की जोडाक्षर फुटते, वेलांटी भलतीकडे जाते. स्वतः पान लिहिणाऱ्यांनी बाइटचे तुकडे वेगवेगळे मजकुरात बदलू नयेत. अक्षराच्या मध्येच तुकडा पडला तर प्रश्नचिन्हाचा चौकोन उमटतो. एक्सटर्म-जेएसला कच्चे बाइट दिले की ते उरलेला भाग पुढच्या तुकड्याशी जोडून घेते. पण त्याने घरांचा प्रश्न सुटत नाही. म्हणून मराठी मजकूर असेल तिथे जिवंत टर्मिनलचा हट्ट न धरता आहाचे पानच द्यावे. तिथे ब्राउझर स्वतः अक्षरजुळणी करतो आणि जोडाक्षरे शाबूत राहतात. रकाने थोडे सरकतील, तेवढे चालवून घ्यावे.

– एक वाचक