कसेल त्याची, की मूळच्याची?

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत ‘स्थायिक वसाहतवादा’वर, म्हणजे बाहेरून आलेल्यांनी कायमची वस्ती करून मूळच्या लोकांची जमीन बळकावण्यावर, आलेला लेख वाचला. विषय महत्त्वाचा आहे, पण ‘निर्मूलनाचे तर्कशास्त्र’, ‘मूलनिवासी ज्ञानमीमांसा’, ‘वसाहतिक भविष्यता’ अशा शब्दांच्या गर्दीत तो कुठे हरवला ते कळले नाही. एवढ्या मोठ्या लेखात जमीन, खंड, मजुरी, मतदानाचा हक्क यांचा उल्लेख शोधूनही सापडत नाही. वसाहतीचा इतिहास घडतो तो याच गोष्टींवरून, असा माझा समज आहे.

मूळ मांडणी मी मोडीत काढत नाही. आक्रमण ही एकदा घडून गेलेली घटना नसते, ती टिकून राहणारी रचना असते, असे इतिहासकार पॅट्रिक वुल्फ यांनी ऑस्ट्रेलियाबद्दल म्हटले आणि ते तिथे चपखल बसते. ती भूमी कोणाच्याच मालकीची नव्हती, ही कायदेशीर कल्पना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मूळ रहिवाशांच्या जमीनहक्काच्या माबो खटल्यात अमान्य केली ती थेट १९९२ मध्ये. खटकते ते एवढेच, की एका देशात बेतलेली ही चौकट लेखक प्रत्येक देशावर बसवतात. त्यात माणसांचे दोनच प्रकार उरतात, मूळचे आणि बाहेरून येऊन बसलेले.

पॅसिफिक महासागरातल्या फिजीचे उदाहरण घ्या. १८७४ मध्ये तिथल्या सरदारांनी बेटे ब्रिटिशांच्या स्वाधीन केली. गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांनी मूळ फिजीवासींच्या जमिनीची विक्री थांबवली आणि त्यांना मळ्यांवर राबवायचे नाही असे ठरवले. मग ऊस कोण लावणार? गॉर्डन त्याआधी त्रिनिदाद आणि मॉरिशसला होते, तिथल्या मळ्यांवर हिंदुस्थानी मजूर राबत, त्यामुळे उत्तर तयार होते. १८७९ ते १९१६ या काळात सुमारे साठ हजार हिंदुस्थानी मजूर पाच वर्षांच्या ‘गिरमिटा’वर (करारावर) फिजीत उतरवले गेले. उसाचा नफा प्रामुख्याने एका ऑस्ट्रेलियन साखर कंपनीच्या खिशात गेला. (मॉरिशसच्या मळ्यांवर याच पद्धतीने कोकणातली मराठी माणसेही गेली. त्या बेटावर डचांच्या आधी मनुष्यवस्तीच नव्हती. तिथे मूलनिवासी कोणाला म्हणायचे?)

आता या गिरमिटियांच्या नातवंडा-पतवंडांना चौकटीत कुठे बसवणार? फिजीवासींच्या भाषेत ‘तौकेई’ म्हणजे धनी आणि ‘वुलागी’ म्हणजे पाहुणा. चार पिढ्या तिथल्या मातीत राबलेला माणूस पाहुणाच राहिला. अभ्यासकांनाही ही अडचण दिसलेली आहे. त्यातल्या काहींनी अशा लोकांसाठी ‘आगंतुक’ या अर्थाचा तिसरा शब्द काढला, तर हवाईत जपानी मळामजुरांच्या वंशजांनाही काहींनी सरळ ‘स्थायिक’ ठरवले. शब्द वाढले. जमिनीचा प्रश्न होता तिथेच राहिला.

मी उसाच्या पट्ट्यातला माणूस. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा आमच्या कानांवर लहानपणापासून आहे आणि कुळकायद्याने कोणाच्या घरात काय बदल झाला हे आम्ही जवळून पाहिले आहे. तोच न्याय फिजीत लावा. ऊस लावणारा बहुतेक करून भारतीय वंशाचा आणि जमीन खंडाने घेतलेली. देशातली ऐंशी टक्क्यांहून अधिक जमीन तौकेई कुळांच्या (म्हणजे वंशगटांच्या, खंडाने कसणाऱ्या कुळांच्या नव्हे) सामाईक मालकीची आहे आणि ती विकता येत नाही. कसणाऱ्याला मालक करायचे म्हटले, तर जे ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत घडले ते टाळण्यासाठी राखलेली जमीनच मूळ लोकांच्या हातून जाईल. नाही म्हटले, तर कसणारा कायमचा उपरा. ‘कसेल त्याची’ आणि ‘मूळच्याची’, दोन्ही घोषणा पुरोगामी, दोन्ही न्याय्य, आणि एकाच शेताच्या बांधावर समोरासमोर उभ्या. लेखाची खरी सुरुवात इथून व्हायला हवी होती.

शिवाय ‘मूलनिवासी’ हा तरी एकजिनसी गट आहे का? जमिनीचा खंड गोळा करणारे मंडळ आपला वाटा कापून घेई आणि उरलेल्यातला ३० टक्के तीन पातळ्यांवरच्या सरदारांना मिळे. बाकीचे कुळातल्या सामान्य माणसांत वाटले जाई. ही विभागणी २०११ मध्ये बदलली. १९८७ मध्ये लष्करातले लेफ्टनंट कर्नल राबुका यांनी मूलनिवासींच्या हक्कांच्या नावाने बंड करून सरकार उलथवले. ते सरकार जेमतेम महिनाभराचे होते आणि त्याचे पंतप्रधान तिमोची बावद्रा हे स्वतः तौकेई होते, पश्चिमेकडच्या ऊसपट्ट्यातले. त्यांच्या मागे भारतीय वंशाची मते होती, हा त्यांचा गुन्हा. त्यानंतरच्या १९९० च्या राज्यघटनेने पंतप्रधानपद तौकेईंसाठी राखून ठेवले. पुढे २००० मध्ये भारतीय वंशाचे पंतप्रधान महेंद्र चौधरी यांना मंत्र्यांसह ५६ दिवस ओलीस ठेवणारे जॉर्ज स्पाइट मूलनिवासींचे तारणहार म्हणून पुढे आले, आणि त्यांच्याच अंगात काही अंशी युरोपीय रक्त होते! १९८० च्या दशकात निम्म्याच्या आसपास असलेला भारतीय वंशाचा समाज २००७ च्या जनगणनेत सुमारे ३७ टक्क्यांवर आला. पुन्हा पंतप्रधान झालेल्या राबुकांनी २०२३ मध्ये गिरमिटियांच्या वंशजांची जाहीर माफी मागितली, हेही नोंदवले पाहिजे.

१९७६ च्या कायद्याखालचे खंडपट्टे १९९७ पासून संपू लागले. अनेकांचे नूतनीकरण झाले नाही. ती कुटुंबे घरदार सोडून राजधानी सुवा आणि इतर शहरांच्या कडेच्या झोपड्यांत गेली. इकडे परत मिळालेल्या कित्येक शेतांत ऊस राहिला नाही आणि मालक कुळांचा खंडही बुडाला. लेखकांनी पुढच्या लेखात या पट्ट्यांबद्दल लिहावे. पट्टा किती वर्षांचा असावा, खंड कोणी ठरवावा, पट्टा संपल्यावर कसणाऱ्याने बांधलेल्या घराची भरपाई कोणी द्यावी, यावर त्यांच्या सिद्धांताचे म्हणणे काय, ते वाचायला आवडेल. साध्या मराठीत लिहिले तर आमच्या वाचनालयातले इतरही वाचतील.

आपला,
एक वाचक, जि. सांगली