टीबीच्या रिपोर्टसोबत आलेल्या माहितीपत्रकाबद्दल तक्रार

कस्टमर केअर टीम,
नमस्कार,

माझ्या बहिणीच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट तुमच्या लॅबकडून व्हॉट्सॲपवर आला, रिपोर्टबद्दल काही म्हणणं नाही, पण त्याच्याखाली टीबीच्या माहितीची जी मराठी पीडीएफ जोडली होती ती वाचून ती इतकी रडली की शेवटी मलाच हे लिहायला बसावं लागलं.

पहिल्याच पानावर लिहिलंय, "हा रोग अस्वच्छ व व्यसनी लोकांना जडतो". अहो, फुफ्फुसाचा टीबी असलेलं माणूस खोकलं की जंतू हवेत जातात, तो कोणालाही होऊ शकतो! पुढे म्हणे रुग्णाची भांडी वेगळी ठेवा. भांड्यांनी टीबी पसरत नाही, आणि तिला तर नुसता गाठीचा आहे, तो असा खोकल्यातून दुसऱ्याला लागतही नाही, पण हा फरक पीडीएफमध्ये कुठेच नाही. तिच्या सासूबाईंनी ते वाचून तिचं ताट-वाटी बाजूला काढली. लॅबनेच लिहून दिलंय म्हटल्यावर आम्ही कितीही सांगितलं तरी त्या कशाला ऐकतील? "लग्नाच्या मुलीच्या आजाराची वाच्यता करू नये" हे तर वाचून संताप आला, हा कुठल्या डॉक्टरचा सल्ला?

आणि गोळ्या सुटलेल्यांना तुम्ही सरळ "डिफॉल्टर, समाजाला धोका" म्हणता. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्येच हा शब्द काढून टाकलाय. गोळ्या का सुटतात तर मळमळ होते, रोजगार बुडतो, रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाने लघवी नारिंगी होते आणि रक्तच जातंय असं वाटून लोक घाबरतात. लघवीचा रंग बदलणं नॉर्मल आहे एवढं एक वाक्य टाकलं असतं तर केवढा आधार झाला असता, ते नाही. सरकारी दवाखान्यात औषधं फुकट मिळतात, टीबीच्या रुग्णांना आहारासाठी पैसे देणाऱ्या सरकारी निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1000 रुपये मिळतात, तेही नाही. नुसता दम.

ही पीडीएफ आजच बंद करा. नवीन लिहिताना टीबीतून बरे झालेल्या बायका-पुरुषांना सोबत बसवा, आणि ज्यांना ज्यांना जुनी गेलीय त्या सगळ्यांना दुरुस्ती पाठवा, भांडी वेगळी करायची गरज नाही हे त्यात ठळक लिहा, सासूबाईंना तेच दाखवायचंय.

उत्तर याच ईमेलवर द्या, बहिणीच्या नंबरवर फोन करू नका, तो फोन घरात कोणीही उचलतं.

– तुमची एक ग्राहक