मार्ग क्र. ७ च्या बसमधला सुतळीने बांधलेला दरवाजा

प्रति,
व्यवस्थापक, शालेय बस विभाग

विषय : आपत्कालीन दरवाजा आणि कागदावरच झालेलं प्रशिक्षण

महोदय,

माझी मुलगी चौथीत आहे. गेली तीन वर्षं ती तुमच्या मार्ग क्र. ७ च्या बसने शाळेत जाते. महिन्याला २,८०० रुपये, तेही तिमाहीचे आगाऊ. पैशांबद्दल माझी तक्रार नाही.

गेल्या मंगळवारी शाळा सुटल्यावर सिंहगड रस्त्यावर ड्रायव्हरकाकांच्या सीटजवळून वायर जळल्याचा वास आला आणि पाठोपाठ धूर. काकांनी बस कडेला घेऊन इंजिन बंद केलं, इथपर्यंत सगळं बरोबर. पण हवेवर चालणारं पुढचं दार अर्ध्यातच अडकलं. मावशी मागच्या आपत्कालीन दरवाजाकडे धावल्या, तर त्याचा लाल दांडा सुतळीने बांधलेला! खड्ड्यात गाडी गेली की तो खडखडतो, म्हणून कुणीतरी बांधून टाकलेला. गाठी सुटेनात. शेवटी आठवीतल्या एका मुलाने कंपासपेटीतल्या कर्कटकाने सुतळी तोडली.

मुलीने हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, तिखटमीठ लावून सांगतेय. दुसऱ्या दिवशी थांब्यावर मी स्वतः बसमध्ये चढले. तुटलेली सुतळी दांड्याला लोंबत होती. त्या दारासमोर एक जादा बाक टाकलाय, त्यामुळे दार उघडलं तरी मोठ्या माणसाला अंग चोरूनच बाहेर पडावं लागेल. काच फोडायच्या हातोडीचा नुसता हुक आहे, हातोडी नाही. मावशींना विचारलं, तर त्या हळूच म्हणाल्या, "ताई, हे दार उघडतं हे मला कालच कळलं."

सुदैवाने धूर वाढला नाही. काकांनी बॅटरीची वायर काढली, पुढचं दार दोघांनी ओढून उघडलं आणि ३४ मुलं खाली उतरली. कुणाला साधं खरचटलंही नाही. तुमच्या कार्यालयातून मला फोनवर हेच तीनदा ऐकवण्यात आलं, जणू ती तुमचीच कर्तबगारी होती. त्या गडबडीत निम्म्या मुलांना दप्तर सोडवत नव्हतं, हे मात्र कुणी बोललं नाही. माझीच मुलगी डबा शोधायला सीटखाली वाकली होती. का, तर डबा हरवला की मी ओरडते. त्यात चूक माझीही आहे. पण अशा वेळी सगळं टाकून निघायचं असतं, हे तिला कुणी एकदाही करून दाखवलेलं नाही.

"गाडी आरटीओची फिटनेस पास आहे," हे तुमचं दुसरं उत्तर. असेल. तपासणीच्या दिवशी दांड्याला सुतळी नसणार. तिसरं उत्तर म्हणजे तुम्ही पाठवलेली मार्च महिन्यातल्या प्रशिक्षणाची यादी. तिच्यात मावशींची सही आहे. मावशी कामावर लागल्या जूनमध्ये. ही सही कुणी केली, हे मला लेखी कळवा.

राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांत आपत्कालीन दरवाजा, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, सोबत परिचर, शाळेची परिवहन समिती असं सगळं आहे. पण दरवाजा असणं वेगळं आणि तो उघडण्याचा हात बसलेला असणं वेगळं. माझी बहीण न्यू जर्सीत असते. तिथे बसने येणाऱ्या मुलांकडून वर्षातून किमान दोनदा बस रिकामी करण्याचा सराव करून घेणं बंधनकारक आहे. तिचा मुलगा पहिलीपासून हे करतोय. दप्तर सीटवर सोडायचं, मागच्या दारात आधी बसायचं आणि मग घसरत उतरायचं, उडी मारायची नाही. मोठी मुलं खाली उभी राहून हात देतात आणि सगळे बसपासून लांब एका ठिकाणी जमतात. यात खर्च कसला? एक दुपार लागेल, फार तर.

तेव्हा दारासमोरचा बाक काढा, हातोडी जागेवर लावा आणि अग्निशामक कधी भरला ते त्याच्यावर दिसेल असं लिहा. या महिन्याच्या आत प्रत्येक मार्गावर काका, मावशी आणि मुलं यांचा एकत्र सराव घ्या. शाळेच्या मैदानात, बस उभी करून, मागचं दार खरोखर उघडून. तोंडी सूचना चालणार नाहीत. त्यानंतर दर सहामाहीला एकदा. नवीन मावशी लागल्या, तर त्यांना पहिल्या फेरीआधी शिकवा. मावशींना मात्र यासाठी जबाबदार धरू नका. त्या दिवशी मुलं मोजून सगळ्यात शेवटी त्याच उतरल्या.

या पत्राची प्रत आणि सुतळीचा फोटो मी शाळेच्या परिवहन समितीला दिला आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर आरटीओकडे जाईन. येत्या सोमवारी सकाळी पावणेसातला मी थांब्यावर असेन. तुमच्यापैकी कुणीतरी यावं आणि ते मागचं दार माझ्यासमोर उघडून दाखवावं.

आपली,
मार्ग क्र. ७ वरील एक पालक