लस चुकवली आपण, गोवर शेजारच्या बाळाला

महोदय,

‘माझ्या मुलाला लस द्यायची की नाही, हे मीच ठरवीन’ असे म्हणणाऱ्या पालकांना २०२२ च्या अखेरीस गोवंडीत पसरलेल्या गोवराची आठवण करून द्यावीशी वाटते. गोवराच्या लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो. तोवर भिंतीला भिंत लागलेल्या खोल्यांतील तान्ह्या बाळाचे रक्षण मोठ्या प्रमाणात शेजारच्या मुलांनी घेतलेल्या लसीवर अवलंबून असते आणि त्यासाठी सुमारे ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस पूर्ण व्हावे लागतात. लसीनंतर ताप येईल, रोजंदारी बुडेल, ही आईची धास्ती मी समजू शकतो. तिच्यासाठी लसीकरण सत्र संध्याकाळीही ठेवावे. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश वाचून नकार देणाऱ्या सुशिक्षितांची सबब मात्र मला पटत नाही.

– एक वाचक, मुंबई