युटातल्या मॉर्मन लोकांबद्दल थोडं

संपादक साहेब, नमस्कार.
अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मॉर्मन लोकांचा (हा एक ख्रिस्ती पंथ) विषय निघाला की गाडी बहुपत्नीत्वावरच अडते, अहो ते बंद करायची घोषणा त्यांच्या चर्चने 1890 सालीच केलीय. तिथला बिशप, म्हणजे स्थानिक मंडळीचा प्रमुख, पगार घेत नाही, स्वतःची नोकरी सांभाळून लोकांची गाऱ्हाणी ऐकतो, महिन्याच्या पहिल्या रविवारी लोक दोन वेळचं जेवण सोडून तेवढे पैसे गरजूंना देतात, हे कोणी छापतच नाही. बहुतेक जण रिपब्लिकन, खरंय. पण 2020 मध्ये युटाच्याच तेव्हाच्या मॉर्मन सिनेटर मिट रॉम्नींनी देवासमोर घेतलेल्या शपथेचा हवाला देत महाभियोगाच्या खटल्यात स्वतःच्याच पक्षाच्या ट्रम्पविरुद्ध मत दिलं, किती शिव्या खाल्ल्या! चर्च मात्र ‘राजकारणात आम्ही तटस्थ’ म्हणत 2008 ला कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहाविरुद्ध प्रचारात उतरलं, ते मला अजिबात पटत नाही. दोन्ही बाजू छापा, एवढीच विनंती.