सूचना: शालेय गायनवृंद, १५ ऑगस्टची तालीम

वृंदातील मुलामुलींनो, सोमवारपासून १४ ऑगस्टपर्यंत रोज मधल्या सुट्टीत संगीताच्या खोलीत तालीम आहे. डबा आधी संपवा.

रत्नागिरीच्या पावसात वाद्यं सांभाळणं हेच निम्मं काम. दमट हवेत तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल पडून स्वर उतरतो, म्हणून तबलावादकांनी १० मिनिटं आधी येऊन गट्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकून तबला काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावावा. पेटीला ओले हात लावू नका, आतले सूर (आवाज देणाऱ्या धातूच्या पट्ट्या) खराब होतात. छत्र्या बाहेरच!

- राष्ट्रगीत ५२ सेकंदांत. शेवटचा जयघोष लांबला की हमखास मिनिट होतं.
- आवाज फुटत असलेल्या मुलांनी खालच्या सप्तकात गावं; वर ताणू नये.
- दोन तालमी चुकल्यास ध्वजवंदनाला वृंदात उभं राहता येणार नाही.

गणपतीत आरत्या ओरडून बसणाऱ्या घशांबद्दल नंतर बोलू.