सगळ्यांच्या ताणावर एकच कपालभाती कशाला?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

आमच्या वडोदऱ्यात सध्या जिकडे बघावं तिकडे ‘स्ट्रेस रिलीफ योगा’चे बोर्ड लागलेत, अकोट्यात, अलकापुरीत, अगदी दांडिया बाजारच्या जुन्या गल्ल्यांपर्यंत, आणि लोक जातायत ही चांगलीच गोष्ट आहे. पण बऱ्याच क्लासमध्ये चालतं काय, तर धडाधड सूर्यनमस्कार, मग कपालभाती, मग भस्त्रिका आणि शेवटी घाईघाईत दोन मिनिटं शवासन. ज्याला रात्र रात्र झोप नाही, छातीत धडधडतंय, त्याला आणखी जोरजोरात श्वास मारायला लावायचं, हे मला अजिबात पटत नाही.

हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात कपालभाती प्राणायामात धरलेलीच नाही, ती धौती-नेतीसारखी शुद्धीची क्रिया आहे, आणि मेद-कफ जास्त असेल त्यानं ही षट्कर्मं, म्हणजे शुद्धीच्या सहा क्रिया, आधी करावीत, बाकीच्यांना गरज नाही असं तिथे स्पष्ट म्हटलंय. सकाळी अंग जड असेल, सुस्ती असेल तर जरूर करा. पण बीपी, हार्टचा त्रास, हर्निया, गरोदरपण यात ती टाळायची असते, आणि कित्येक ठिकाणी हे कुणी विचारतसुद्धा नाही.

मन सैरभैर झालेल्या माणसाला हवा असतो तो संथ श्वास. श्वास घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात, सोडताना कमी होतात, हे व्हेगस नर्व्हचं, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या नसेचं काम, म्हणून उच्छ्वास लांबवला की शरीर आपोआप शांत व्हायला लागतं. एरवी मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास होतात, ते सावकाश ६ च्या आसपास आणायचे, बस. भ्रामरी प्राणायामात भुंग्यासारखं गुणगुणताना उच्छ्वास असाच लांबतो, म्हणून नवख्यांना मी तीच सांगेन. आणि रिफायनरीत शिफ्ट करून आलेला माणूस इतका दमलेला असतो की त्याला बसवून ध्यान करायला लावलं तर तो पेंगणारच, त्याच्यासाठी बिहार योग विद्यालयाच्या स्वामी सत्यानंदांची योगनिद्रा बरी, पडून राहायचं आणि सांगतील तसं एकेका अवयवावर लक्ष न्यायचं. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून मान-पाठ आखडलेल्यांना अय्यंगार पद्धत, लोड, पट्टे, खुर्ची यांचा आधार घेऊन आसनात निवांत थांबता येतं.

विपश्यनेबद्दल मात्र जरा काळजीनं लिहितो. गोएंका गुरुजींच्या परंपरेतलं १० दिवसांचं शिबिर फार मोलाचं आहे, फी नाही, मौन पाळायचं, पहिले तीन दिवस फक्त नैसर्गिक श्वास बघायचा, त्यावर काही जोर करायचा नाही. पण दिवसाला जवळजवळ १० तास बसणं असतं, आणि तीव्र डिप्रेशनमधल्या माणसाला घरच्यांनी ‘जा, बरं वाटेल’ म्हणून तिकडे पाठवणं चूक आहे. आधी डॉक्टरांना विचारा, गोळ्या परस्पर बंद करू नका.

आपल्या गावाला तर हे नवीन नाही हो! अरविंद घोष बडोद्यात असताना रोज तासन् तास प्राणायाम करायचे आणि पुढे त्यात अडकल्यासारखे झाले. मग १९०८ च्या सुरुवातीला ते इथे आले तेव्हा विष्णु भास्कर लेले या मराठी योग्यानं त्यांना सरदार मजुमदारांच्या वाड्यात बसवून फक्त विचार येताना बघायला आणि ते परत फेकायला सांगितलं, आणि तीन दिवसांत मन निःशब्द झालं. म्हणजे गुरूनं त्या माणसाला काय लागतंय ते बघून साधना दिली. आणि १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढून आसन-प्राणायाम प्रयोगशाळेत तपासणारे स्वामी कुवलयानंद जन्मले डभोईला, व्यायाम शिकले इथेच, माणिकरावांच्या आखाड्यात. एवढा वारसा असताना आपल्या क्लासमध्ये सगळ्यांना एकाच मापाचं कसं काय देतात?

माझी क्लासवाल्यांना कळकळीची विनंती आहे की नाव लिहून घेताना झोप कशी आहे, बीपी आहे का, औषध कुठलं चालू आहे एवढं तरी विचारा, आणि संध्याकाळच्या बॅचला तरी निम्मा वेळ संथ श्वास आणि योगनिद्रेला द्या. २१ जूनला योग दिनाचे मोठमोठे कार्यक्रम होतात, त्यातही शवासनाला दहा मिनिटं ठेवता येतील.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा